पावसासाठी हँडगार्ड कोणते घ्यावेत? (युनिकॉर्न, रोज सोलापूर–मोहोळ)

भिजका_मोहोळकर

मंडळी नमस्कार. धागा काढायला कारण माझा अंगठा.

जुळे सोलापुरातून रोज मोहोळला जातो. एका बाजूला चाळीसेक किलोमीटर. गाडी युनिकॉर्न, आठ वर्षांची, हँडल साधं नळीचं. परवा केगावपासून जो पाऊस लागला तो मोहोळपर्यंत सुटला नाही. रेनकोट चांगला, पायात प्लास्टिकचे बूट, डोकं हेल्मेटात. सगळा माणूस कोरडा आणि दोन हात तेवढे भिजून पांढरे. ऑफिसात पोचलो, अंगठा मशीनवर ठेवला. मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. पुसला, फुंकला, शर्टावर घासला, शिपाईमामांनी सांगितलं म्हणून केसांवर घासला. अकरा वेळा. सुरकुतलेला अंगठा ते घेतच नाही. शेवटी लेट मार्क. महिन्यातला तिसरा, म्हणजे अर्धी रजा गेली.

संध्याकाळी अॅक्सेसरीच्या दुकानात गेलो. त्यानं हँडगार्डचे, म्हणजे हँडलच्या मुठीसमोर लावतात त्या आडोशाचे, तीन प्रकार काढून ठेवले. एक नुसत्या प्लास्टिकचा, एक आत अॅल्युमिनियमची पट्टी असलेला, आणि एक ज्यात लाइट पण लागतात. 'लुक येतो साहेब,' एवढंच बोलत होता. मला लुक नको, कोरडा अंगठा पाहिजे. बजेट दोन हजार. कुणी पावसात वापरलेत का?

चादर_नंबर_एक

हँडलला चादर गुंडाळ. भिजल्यावर तिचं वजन एवढं होतंय की हँडल कधीच डुगडुगणार नाही.

शेंगाचटणी

सोलापुरात पाऊस पडतो किती आणि तुमचा खर्च किती! जून-जुलै आपण आभाळाकडं बघण्यात घालवतो. काय पडायचा तो सप्टेंबरात, नाहीतर परतीचा. वीस दिवसांसाठी दोन हजार घालणार? हाताला दुधाची पिशवी बांधा, वर रबर लावा. झालं.

भिजका_मोहोळकर

पिशवी बांधून एकदा क्लच दाबून बघा. मी बघितलंय. बाळ्याच्या पुलाखाली गाडी बंद पडली, मागून एसटी.

होटगीरोड

शेंगाचटणी, वीस दिवस म्हणून सोडून देण्यासारखा पाऊस राहिलेला नाही. २०२० च्या ऑक्टोबरात काय झालं आठवा. २०२५ च्या सप्टेंबरात सीना एवढी चढली की लांबोटीपाशी हायवेच बंद करावा लागला. आपला पाऊस कमी दिवस पडतो पण पडतो तेव्हा बादलीनं ओततो.

आता मुद्द्याचं. मी दोन्ही प्रकार वापरलेत. पहिले साडेचारशेचे, नुसत्या प्लास्टिकचे, एकाच क्लॅम्पवर उभे. आरशाच्या बुडाशी बसतात, बाहेरचं टोक मोकळं. शहरात काही त्रास नाही. पण पुणे हायवेला ऐंशीच्या पुढं गेलं की वाऱ्यानं मागं झुकायचे. दुसरे आता आहेत ते पट्टीवाले. एक टोक हँडलच्या आतल्या बाजूला क्लॅम्पनं, दुसरं टोक बार-एंडच्या, म्हणजे हँडलच्या बाहेरच्या टोकाच्या, भोकात. हे हलत नाहीत. गाडी पडली तर लिव्हर वाचतो हा वरचा फायदा. दोन हजाराच्या आत मिळाले, वर बसवणावळ.

पावसाचं विचाराल तर पट्टीपेक्षा समोरच्या पत्र्याचा आकार बघा. ऑफरोडवाले घेतात ते गार्ड बारीक असतात, झुडपाची फांदी बोटावर बसू नये एवढ्यासाठी. त्यात वारा जायला जाळ्यापण असतात. पावसाला रुंद आणि बंद पाहिजे, मुठीच्या वरपर्यंत आलेला. ऑस्ट्रेलियाच्या बार्कबस्टर्सचा स्टॉर्म म्हणून मोठ्या पत्र्याचा प्रकार आहे तो बरोबर ह्याच कामाचा. पण त्याची किंमत पाच आकडी, आणि तुमच्या युनिकॉर्नला तेवढ्यात दोन टायर, चेनसेट आणि वर्षाची सर्व्हिसिंग होईल.

भिजका_मोहोळकर

मागं झुकायचे म्हणजे नुसते वाकायचे, की काही धोका?

गिअरअण्णा

मी सांगतो. गॅरेज आहे माझं. मागं झुकलेला उजवा गार्ड ब्रेकच्या लिव्हरवर टेकतो. थोडासाच. तुम्हाला हाताला कळत पण नाही. मागची लाल लाइट मात्र सतत पेटलेली, आणि पुढचं पॅड डिस्कला घासत राहतंय. मागच्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक आलं, म्हणे अण्णा गाडी ओढत नाही, अॅव्हरेज गेलं. कार्ब्युरेटर साफ करा म्हणत होतं. डिस्कला बोट लावून बघ म्हणलं. लावलं आणि बोट तोंडात घातलं त्यानं.

एका क्लॅम्पचा गार्ड घ्यायचाच असला तर बसवल्यावर हातानं मागं ढकलून बघा. लिव्हरला लागला तर घेऊ नका.

फिजिक्सचे_सर

एक प्रश्न सगळ्यांच्या नजरेतून सुटला. हातावर पाणी येतं कुठून?

पावसाचा मोठा थेंब ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येतो, बारीक थेंब त्याहून हळू. तुम्ही ताशी साठनं चालला असाल तर तुमच्या दृष्टीनं थेंब समोरून येतो, जमिनीशी जेमतेम सत्तावीस अंशाचा कोन करून. म्हणजे जवळजवळ आडवा. तिथं समोरचा गार्ड काम करणार. सात रस्त्याच्या गर्दीत तुम्ही वीसनं चालता तेव्हा तोच थेंब बराचसा वरून येतो. तिथं गार्ड असला काय, नसला काय. म्हणून शहरात वापरणारे म्हणतात उपयोग नाही आणि हायवेवाले म्हणतात आहे. दोघंही खरं बोलतात.

शेंगाचटणी

सर, हे परीक्षेला येणार का?

फिजिक्सचे_सर

चार मार्काला. आकृतीसह.

अक्कलकोट_रिटर्न

पट्टीवाले गार्ड घेणाऱ्यांनी हे वाचाच. माझ्यावर बेतलेलं आहे.

गेल्या वर्षी एका दुकानात बसवून घेतले. पोरगं नवीन होतं, अर्ध्या तासात दोन्ही बाजू लावून मोकळं. मी पण खूश. दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला निघालो. वळसंगच्या अलीकडं एका ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला रेस पिळली, पुढं गेलो, रेस सोडली, आणि रेस परत आलीच नाही. गाडी तशीच ओरडत पुढं. रस्ता ओला, समोर वळण. हातानं उलटी फिरवली तर फिरली, पण जड. क्लच दाबला, चावी बंद केली, साइडपट्टीला लागलो. पाय लटलट कापत होते. तिथल्या टपरीवर चहा घेतला, तो कपातून अर्धा सांडला.

बघितलं तर कारण एवढंसं. बार-एंडचा बोल्ट आवळताना गार्डची पट्टी ग्रिपच्या रबरला दाबून बसली होती. कोरड्यात रबर कसंतरी घसरत होतं. ओलं झाल्यावर, थोडी माती गेल्यावर धरून बसलं. मध्ये एक जाड वॉशर पाहिजे होता. पाच रुपयांचा.

गिअरअण्णा

बरोबर. उजव्या बाजूला ग्रिप आणि पट्टीत दोन-तीन मिलिमीटर फट दिसलीच पाहिजे. एटीएम कार्ड दोनदा घडी घालून जाईल एवढी.

चादर_नंबर_एक

एटीएम कार्ड दोनदा घडी घातलं तर पगार कुठनं काढू अण्णा?

गिअरअण्णा

बरं, तीन कार्डं एकावर एक. एक बायकोचं घे.

आणि बसवल्यावर हे केल्याशिवाय दुकानातून हलायचं नाही. गाडी चालू करा, हँडल डावीकडं पूर्ण वळवा, रेस द्या, सोडा. 'टक्' असा आवाज करून मागं आली पाहिजे. उजवीकडं पूर्ण वळवा, परत तेच. वळवताना रेस आपोआप वाढली तर केबल कुठंतरी ओढली जातेय. आतला क्लॅम्प पुष्कळदा क्लचच्या केबलवर नाहीतर ब्रेकच्या पाइपावर चढवून आवळतात. ब्रेकचा पाइप दबलेला दिसला तर पैसे देऊ नका.

युनिकॉर्नला क्लॅम्प २२ मिलिमीटरचा लागतो. दुकानदार २८ चा देऊन आत रबराची पट्टी गुंडाळतो, 'बसतंय की' म्हणतो. बसत नाही, फिरतंय. बार-एंडला हँडलच्या आत आटे आहेत की नुसती पोकळ नळी, ते आधी बघून घ्या. पोकळ असली तर फुगणारा रबरी बुश लागतो, तो काही सेटमध्ये येतो, काहींत नाही.

पुण्यात_अडकलेला

एक शंका. बार-एंडला जे वजन असतं ते काढल्यावर हाताला झिणझिण्या येतात म्हणतात. खरं का?

होटगीरोड

माझ्या गाडीला आल्या. ते वजन शोभेला नसतं, हँडलची थरथर मारायला असतं. साठ-सत्तरला आरसा धूसर व्हायला लागला. काही गार्डच्या टोकाला स्वतःचं वजन येतं, तसे बघून घ्या. नाहीतर जुनं वजन पट्टीच्या बाहेरून परत लावता येतं, बोल्ट तेवढा लांब लागतो.

काकूंचा_अॅक्टिव्हा

अॅक्टिव्हाला बसतात का हो?

बुलेटराणी

हँडगार्डबद्दल मला फारसं कळत नाही, अंगठ्याबद्दल कळतं. मी नर्स आहे.

पाणी मुरून कातडी फुगते म्हणून सुरकुत्या पडतात असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. ते काम नसांचं. बोटाची नस तुटलेली असली तर ते बोट कितीही वेळ पाण्यात ठेवा, सुरकुतत नाही. ओल्या वस्तूवर पकड चांगली बसावी म्हणून शरीर हे करत असावं, असं म्हणतात. आणि त्याला तासभर पाऊस लागत नाही, कोमट पाण्यात पाच मिनिटं पुरतात.

आता तुमच्या कामाचं. आमच्यासारखे रबरी हातमोजे आत घालून वर बाइकचे ग्लोव्हज घालायचा सल्ला इथं कुणीतरी देणारच, म्हणून आधीच सांगते. आमची ड्युटी हातमोज्यात जाते. अर्ध्या तासानं काढले की आत घामाचं पाणी आणि बोटं तुमच्यासारखीच, पांढरी, सुरकुतलेली. बाहेरचं पाणी अडेल, आतलं कुठं जाईल? सोलापूरच्या दमट सप्टेंबरात तर नाहीच जाणार.

दादा, खरं सांगू? ऑफिसात पोचल्यावर पंधरा मिनिटं हात पुसून कोरडे ठेवले तर सुरकुत्या जातात. पंधरा मिनिटं आधी निघा.

भिजका_मोहोळकर

अक्का, पंधरा मिनिटं आधी निघणारा माणूस असतो तर धागा कशाला काढला असता.

सीनाकाठ

आमच्या मामांचं सांगतो. मामा मोहोळकडं दूध घालतात, वीस वर्षं झाली. पंधरा लिटरचा तेलाचा डबा असतो ना प्लास्टिकचा, तो मधून उभा कापला, दोन तुकडे, आरशाच्या नटाखाली एकेक आवळला. झाले हँडगार्ड. खर्च शून्य. अजून आहेत. एकावर 'शुद्ध' आणि दुसऱ्यावर 'शेंगदाणा' दिसतं. समोरून मामा येलालेत हे लांबून कळतं.

मी विचारलं मामा, भिजत नाही का? म्हणाले, बोटं नाही भिजत, मनगट भिजतंय.

होटगीरोड

मामांनी एका ओळीत सांगितलं. मला गार्ड लावूनही पहिल्या पावसात हात ओले मिळाले. कारण पाणी समोरून नव्हे, बाहीतून आलं. गाडी चालवताना कोपर वर आणि मूठ खाली. रेनकोटवरचं सगळं पाणी बाहीवरून ओघळत सरळ ग्लोव्हजच्या तोंडात.

अक्कलकोट_रिटर्न

म्हणून ग्लोव्हजचं तोंड बाहीच्या आत घालायचं. बाही वरून.

शेंगाचटणी

उलट. बाही ग्लोव्हजच्या आत घालायची. हायवेला वारा समोरून घुसतो, बाही वर असली तर पाणी बाहीतून कोपरापर्यंत चढतं. माझा शर्ट बगलेपर्यंत भिजलेला आहे.

अक्कलकोट_रिटर्न

बाहीला वेल्क्रो असतं ते आवळायचं की मग.

शेंगाचटणी

वेल्क्रो दुसऱ्या पावसाळ्यात धरतं का कुणाचं? आमचं तर नुसतं आवाज करतंय.

फिजिक्सचे_सर

दोघंही वेगवेगळ्या वेगाबद्दल बोलताय.

शेंगाचटणी

सर, परत नको.

फिजिक्सचे_सर

थोडक्यात सांगतो. पाणी खाली ओघळणार हे नक्की, म्हणून बाही वर. वारा आत घुसणार हेही नक्की, म्हणून मनगटापाशी आवळलेलं. आणि गार्ड मुठीसमोर असला की वारा बाहीच्या तोंडावर थेट येतच नाही, म्हणजे शेंगाचटणींची तक्रार बरीचशी मिटते. गार्डचा खरा फायदा मला हा वाटतो.

चादर_नंबर_एक

मिटली का बे तक्रार?

शेंगाचटणी

थोडी.

रेक्झिन_मास्तर

आमच्या धंद्याचं कुणी बोलंना. सीट कव्हर शिवणाऱ्याकडं रेक्झिनचं हँडल कव्हर शिवून मिळतं. पोत्यासारखं, हँडलवर चढवायचं, मागून हात आत घालायचे. मूठ, लिव्हर, बटणं सगळं आत. वरून, समोरून, खालून कुठूनच पाणी नाही. जोडी तीनशे-साडेतीनशेत होते. दूधवाले, पेपरवाले आमच्याकडून शिवून नेतात.

होटगीरोड

अंगठा कोरडा ठेवण्यात ह्याला तोड नाही, मान्य. पण इंडिकेटरचं बटण दिसत नाही आणि घाईत हात बाहेर काढायचा म्हटला तर अडकतो. पडताना हात हँडलला बांधलेला नको. मी तरी हायवेला वापरणार नाही.

रेक्झिन_मास्तर

तोंड मोठं ठेवून शिवायचं आणि आत जाड फोम घालायचा, म्हणजे ते उघडं राहतं. ढिलं शिवलेलं वाऱ्यानं लिव्हरवर दबतंय, वर अण्णांनी सांगितलं तसंच. हाताला गार्ड असेल तर त्याच्यावरूनच कव्हर चढवा, दबायचा प्रश्नच नाही. असं एकाला शिवून दिलंय.

पुण्यात_अडकलेला

अडकायचंच म्हणाल तर पट्टीवाल्या गार्डबद्दलही तेच म्हणतात ना? पडल्यावर मनगट पट्टी आणि हँडलच्या मध्ये सापडतं म्हणे.

गिअरअण्णा

म्हणतात. माझ्याकडं पडलेल्या गाड्या येतात, त्यात पट्टीवाल्यांचे लिव्हर आणि बोटं वाचलेली जास्त बघितलीत. पण ज्याला ती भीती आहे त्यानं मोकळ्या टोकाचा घ्यावा, जाड, दोन स्क्रूच्या क्लॅम्पचा. भीती घेऊन गाडी चालवू नये.

अजून एक. पावसाळ्यासाठी घेताय, पण तो गार्ड मे महिना पण बघणार आहे हे विसरू नका. आपल्याकडं त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत उभी राहते गाडी. स्वस्तातलं कडक, चकचकीत प्लास्टिक एका उन्हाळ्यात पांढरं पडतंय आणि पहिल्या धक्क्याला काचेसारखं फुटतंय. दुकानात हातात घेऊन थोडा वाकवा. वाकून परत आला तर घ्या, 'ओ ओ मोडेल' असं दुकानदार ओरडला तर ठेवून द्या.

भिजका_मोहोळकर

हे आवडलं. उद्या हेच करतो.

बाकी ट्रकच्या पाण्याचं काय? चिंचोळीच्या पुढं पाकणीचे टँकर आणि मालाचे ट्रक असतात. त्यांच्या मागून जे पाणी उडतं ते पावसापेक्षा वाईट. काळं, तेलकट, तोंडात गेलं तर चव दिवसभर.

होटगीरोड

त्याला गार्डचा खालचा भाग लागतो. पाणी टायरकडून वर येतं, तुमच्याच पुढच्या चाकाचं पण. म्हणून गार्ड ताटासारखा आडवा लावू नका, पुष्कळजण दिसायला बरं म्हणून तसा लावतात. मग वरचं पाणी त्यात साठतं आणि ब्रेक दाबला की बोटावर ओततं. उभा लावा, किंचित पुढं झुकलेला, खालची कड लिव्हरच्या खाली दोन बोटं.

आणि ट्रकच्या मागं राहू नका. कुठला गार्ड त्याला पुरणार आहे?

सीनाकाठ

लांबोटीला थांबत जावा. चिवडा खाईपर्यंत ट्रक पुढं जातो.

चादर_नंबर_एक

लेट मार्कचं मूळ सापडलं मंडळी. गार्ड नको, डबा भरून द्या घरून.

भिजका_मोहोळकर

मक्याचा चिवडा आणि पाऊस, माणसानं काय करावं?

काकूंचा_अॅक्टिव्हा

अॅक्टिव्हाला बसतात का?

पेठेतला_पार्किंगवाला

एक तोटा कुणी लिहिला नाही. गाडी रुंद होते. दोन्हीकडं मिळून बोटभर-दोन बोटं. हायवेला काही वाटत नाही, पण नवी पेठेत गाड्या लावतात कशा, लिव्हरला लिव्हर. तुमचा गार्ड शेजारच्या आरशात गुंततो, तुम्ही गाडी ओढता आणि पाच गाड्या आडव्या. माझ्यासमोर झालंय. पाचव्या गाडीचा मालक वकील निघाला.

भिजका_मोहोळकर (दहा दिवसांनी)

मंडळी, अहवाल.

पट्टीवाले घेतले, सतराशेला. वाकवून बघितले, दुकानदार ओरडला नाही. क्लॅम्प २२ चाच. बसवायला स्वतः उभा राहिलो. डावी बाजू वीस मिनिटांत झाली. उजवीकडचा बार-एंडचा स्क्रू काही केल्या हलेना. आठ वर्षांचा गंज. त्या पोरानं पाना लावला, डोकं झिजवलं, शेवटी हात टेकले. म्हणाला उद्या या. उद्या रविवार, परवा मला जायचं होतं. म्हणून एकच गार्ड लावून सोमवारी निघालो. डाव्या हाताला गार्ड, उजवा उघडा. चौकात सिग्नलला एकानं विचारलं, दुसरा कुठं पडला?

आणि नेमका बाळ्यापासून पाऊस. फिजिक्सचे सर, असा प्रयोग तुम्हाला प्रयोगशाळेत पण जमला नसता. एकच माणूस, एकच पाऊस, एकच ग्लोव्हज, बाही दोन्हीकडं वरून आणि मनगटाला रबर. मोहोळला पोचून जिन्यातच ग्लोव्हज काढले. उजवा पिळला तर धार लागली, ग्लोव्हजचा काळा रंग बोटांवर उतरलेला, नखांच्या कडेनं जास्त. अंगठा मनुक्यासारखा. डावा: बोटांची टोकं दमट, मनगटापाशी ओली रेघ, बाकी कोरडा. अंगठा गुळगुळीत. असा गुळगुळीत की त्याच्यावर जीव जडला.

मशीनवर माझा उजवा अंगठा नोंदवलेला आहे.

लेट मार्क.

चादर_नंबर_एक

आईशप्पथ.

शेंगाचटणी

दुधाची पिशवी उजव्या हाताला. तिकडं क्लच नसतोय.

बुलेटराणी

डावा अंगठा पण नोंदवून घ्या ना दादा. बहुतेक मशीनमध्ये दोन बोटं घेतात.

गिअरअण्णा

स्क्रूचं डोकं अजून झिजवू देऊ नका. गंज सोडवायचं तेल मारा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोडीनं ठोका, पिळत बसू नका. तरी नाहीच निघाला तर डोकं ड्रिलनं उडवून वजन काढायचं, मग उरलेला दांडा पकडीनं निघतो. पुढच्या वेळी बोल्टला ग्रीस लावून बसवा, हे लिहून ठेवा कुठंतरी. आणि उजवी बाजू आहे, रेसची फट विसरू नका. तीन कार्डं.

अक्कलकोट_रिटर्न

जाड वॉशर! माझ्याकडं जास्तीचे आहेत, सात रस्त्याला येऊन घेऊन जा.

भिजका_मोहोळकर

आज निघाला अण्णा. तुम्ही सांगितलं तसं रात्री तेल मारलं, सकाळी तिसऱ्या ठोक्याला. उजवा पण बसला. वॉशर घातला, फट बघितली, हँडल दोन्हीकडं वळवून 'टक्' ऐकला. आज ऊन पडलंय कडक.

डाव्या अंगठ्याचं विचारलं आस्थापनाला. अर्ज द्या म्हणाले, कारणासह, दोन प्रतीत. कारण काय लिहू कळंना. 'पाऊस' लिहून दिलाय.

काकूंचा_अॅक्टिव्हा

शेवटचं विचारते. अॅक्टिव्हाला?

गिअरअण्णा

काकू, अॅक्टिव्हाचं हँडल प्लास्टिकच्या कव्हरात असतं, क्लॅम्पला जागा मिळत नाही. आरशाच्या बोल्टवर बसणारे छोटे मिळतात, पण तुमचं जाणं-येणं शहरात. सरांचा थेंब तिथं वरूनच पडणार. रेक्झिन मास्तरकडं जावा.

रेक्झिन_मास्तर

या काकू. रंग कुठला पाहिजे?